काचेपलीकडचा पांढरा बोर्ड

“हात कुणाचेही चालतात, नजर मात्र असावी लागते,” असं अस्लम होडेकर एकदा बोलून गेला, आणि रत्नागिरीच्या राजिवड्यात ते वाक्य त्याच्या नावाला कायमचं चिकटलं.

बोलला तो विनीतच्या दुकानात. मारुती मंदिरापासून थोडं पुढे विनीतचं कंप्युटरच्या सामानाचं दुकान आहे. राजिवड्यातून कुणी कंप्युटर घ्यायला निघालं की सोबत अस्लमला नेणार, हे ठरलेलं. मुलगी बघायला जाताना घरातलं जाणतं माणूस नेतात तसं. त्या दिवशी विनीतने एक मदरबोर्ड खोक्यातून काढून त्याच्यापुढे धरला आणि गमतीत म्हणाला, “चाचा, आज तुम्हीच बसवा की. दुबईचा हात बघू दे आम्हालाही.” अस्लमने हात पाठीमागेच ठेवले. मान जरा तिरकी करून बोर्डाकडे बघितलं, आणि ते वाक्य टाकलं. दुकान हसलं. विनीतही हसला. वाक्य संध्याकाळपर्यंत मशिदीच्या पायऱ्यांवर पोचलं आणि दुसऱ्या दिवशी मासळीच्या टोपलीबरोबर शमीमच्या दारात आलं.

“तुझ्या घोवाला बोलणं सुचतं हां,” मासळीवाली म्हणाली.

शमीम हसली. हसताहसता तिने बांगड्याचा कल्ला उचलून आतला रंग बघितला. वाक्य तिला नीट कळलं होतं. नवऱ्याने हात पाठीमागे का ठेवले, हे सगळ्या राजिवड्यात तिला एकटीला ठाऊक होतं. आणि तिला ते ठाऊक आहे, हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं.

अस्लम वीस-बावीस वर्षं दुबईत होता. कंप्युटरच्या कंपनीत. एवढंच तो सांगायचा, उरलेलं लोक भरायचे. मी इंजिनिअर आहे असं तो कधी म्हणाला नाही. कुणी तसं म्हटलं तर नाही असंही म्हणाला नाही. रजेवर आला की इस्त्रीचा शर्ट घालून खाडीकडे तोंड करून बसायचा आणि चारचौघांत नव्या मशिनी कशा येतात, कुठला बोर्ड कुठल्यापेक्षा बरा, हे सांगायचा. सांगणं ऐकण्यासारखं असायचं. ज्या माणसाला काही कळत नाही तो असं सांगू शकत नाही, असं ऐकणाऱ्याला वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

घरात दुबईहून जे आलं त्याचं प्लास्टिक कुणी काढलं नाही. ही रीत एकट्या होडेकरांची नव्हे. ज्या घरातला माणूस तिकडे, त्या घराची ही रीत. रिमोट पिशवीत, फ्रीजची मूठ पिशवीत, मिक्सरच्या पोटावर कंपनीने चिकटवलेलं पातळ पारदर्शक कातडं तसंच. खाडीची हवा खारी, वस्तू टिकत नाही, असं लोक सांगतात. शमीमला कारण वेगळं वाटायचं. प्लास्टिक निघालं की वस्तू घरातली होते, चारचौघींसारखी. जोवर ते आहे तोवर ती दुबईची. ती आणणारा माणूस कालच आलाय आणि उद्या जायचाय, असं घराला वाटत राहतं. सोफ्यावर पाहुणे बसले की प्लास्टिक चरचरायचं, आणि त्या आवाजात शमीमचं अर्धं लग्न गेलं.

तिने बघितलं ते टाळेबंदी उठून दुकानं नुकती उघडली होती तेव्हा. अस्लमने व्हिडिओ कॉल केला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. “ठेवतो,” म्हणाला आणि फोन कशाला तरी टेकवून ठेवला. बंद करायला विसरला. शमीमचे हात तांदळाच्या पिठात. पुसून बंद करते म्हणेपर्यंत फोनमध्ये एक भिंत दिसली, भिंतीला खिळा, खिळ्याला निळा डगला. अस्लमने इस्त्रीच्या शर्टावर तो डगला चढवला. पट्ट्याला फवाऱ्याची बाटली अडकवली, पिवळं फडकं खांद्यावर टाकलं. मग तो एका लांबलचक काचेपुढे उभा राहिला. काचेच्या आत बोर्ड मांडलेले होते, साड्यांच्या दुकानात घड्या उभ्या करतात तसे. तो फवारा मारी, वरून खाली फडकं ओढी, पाऊल बाजूला टाकी. एका जागी डाग जाईना म्हणून त्याने तोंड जवळ नेऊन वाफ सोडली आणि बाही तळहातावर ओढून घासलं. मग थांबून आतल्या बोर्डाकडे बघत राहिला, अगदी मन लावून, तान्ह्या मुलाकडे बघावं तसा. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, “ए अस्लम, इधर भी मार दे.” हाक मारणाऱ्याचा आवाज कोवळा होता. अस्लम धावत गेला.

शमीमने कॉल बंद केला. फोनवर पिठाचं बोट उमटलं.

काच पुसण्याची तिला लाज वाटली नाही. तिचा बाप जन्मभर दुसऱ्याच्या बोटीवर जाळी ओढत होता, आणि त्याच्या तळहातांवरच्या घट्ट्यांचा तिला अभिमान होता. तिला लागलं ते दुसरंच. एवढी वर्षं ती ज्या माणसाची वाट बघत होती तो तिथे नव्हताच. तिथे निळ्या डगल्यातला दुसरा एक होता, आणि त्याची वाट कुणीच बघितली नव्हती.

दुबईतलं ते दुकान बंद पडलं आणि अस्लम कायमचा परत आला, तेव्हा तिला वाटलं, आता सांगेल. तिने वाट करून दिली. “तिकडं काम जड पडायचं का हो?” एकदा जेवताना तिने विचारलं.

“डोक्याचं काम,” तो काटा काढत म्हणाला. “जड काय, हलकं काय.”

तिने ताटात आमटी वाढली. पुन्हा कधी विचारलं नाही. पण तेव्हापासून तिच्या मनात काहीतरी आंबत राहिलं. तो पायऱ्यांवर बसून बोलू लागला की ती खिडकी लावून घ्यायची.

हे असंच चाललं असतं. पण तूबा होती.

तूबा त्यांची एकुलती मुलगी. लहान होती तेव्हा फोनवर बापाला एकच विचारायची, “अब्बा, आज काय आलं?” आणि अस्लम सांगायचा. आज लाल पट्ट्यांचा बोर्ड आला. आज एक आला, त्याचे सगळे स्लॉट निळे. ती विचारायची, कुठे काय आहे? तो सांगायचा, डाव्या कोपऱ्यात हे, मध्ये हे, खाली तीन लांब घरं. ती इकडे वहीच्या मागच्या पानावर चौकोन काढायची आणि त्याच्या सांगण्यावरून आत घरं मांडायची. वर्गात सांगायची, माझे अब्बा कंप्युटर बनवतात. पुढे ती घरांचे नकाशे काढायला शिकली, आतली सजावट करण्याचा डिप्लोमा केला. चौकोनात घरं मांडायची सवय कुठून लागली, असं कुणी विचारलं की बापाचं नाव घ्यायची. अशा वेळी शमीम चहाचं आधण बघायला उठून जायची. मुलीचं नाक, डोळे, रंग, सगळं शमीमवर गेलं होतं. हा एवढा चौकोनांचा नाद मात्र बापाकडून आला होता, आणि तो काचेवरून फिरणाऱ्या फडक्यातून आला होता. हे मुलीला कळू नये, असं शमीमला वाटायचं. त्या माणसासाठी नव्हे. मुलीसाठी.

यंदा आंब्याचा हंगाम भरात असताना पुण्याच्या एका ऑफिसने तूबाला काम देऊ केलं. आधी एक बंगला पूर्ण करून दाखवायचा. नुसता नकाशा नव्हे, माणूस आत चालत फिरतोय अशी फिल्म. आवडलं तर कायमची नोकरी, रत्नागिरीत घरी बसून. जुन्या लॅपटॉपवर ते होण्यासारखं नव्हतं. नवा कंप्युटर हवा होता.

“पांढरा घेऊया,” तूबा म्हणाली. “तुम्ही एकदा सांगितलं होतं ना अब्बा, तुमच्याकडं पांढरा आला होता, नारळाच्या वडीसारखा. तेव्हा महाग होता म्हणालात. आता स्वस्तात येतात. विनीतदादाकडं बघून आले मी.”

“हां. आता येतात.” अस्लमचा चेहरा उजळला. “बघून देतो.”

“बघून नाही. ह्या खेपेला जोडून द्यायचा. तुमच्या हाताने.”

अस्लमचा घास थांबला. “अगो, विनीतकडं माणसं आहेत त्या कामाला.”

“सगळ्या राजिवड्याला बघून दिलेत. मला जोडून द्या. माझा पहिला कंप्युटर परक्याने जोडायचा?”

“त्यांचे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत,” शमीम मध्येच म्हणाली. “बारीक स्क्रू असतात ते.”

“मी टॉर्च धरेन.”

अस्लमने शमीमकडे बघितलं. ही मध्ये का पडली, असा एक प्रश्न त्याच्या नजरेत येऊन गेला. ती ताटं गोळा करू लागली. पोरीच्या तोंडावर नाही म्हणणं त्याला जमलं नाही. “जोडतो,” तो म्हणाला.

पुढचे काही दिवस तो दुपारी गच्चीवर जाऊ लागला. सुकत घातलेल्या मासळीवर कावळे येतात, म्हणाला. शमीम एकदा पाण्याचा तांब्या घेऊन वर गेली. तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिच्याकडे पाठ करून बसला होता. कानात इयरफोन, मांडीवर मोबाईल, आणि दोन्ही हात हवेत. बोटांनी तो काहीतरी उचलत होता, फिरवत होता, हलकेच दाबत होता, पुन्हा उचलत होता. कावळे मासळी नेत होते. शमीम तांब्या तसाच घेऊन पायरीवर उभी राहिली. त्या क्षणी तिला त्याची इतकी कीव आली की तिने खाली उतरून उगीचच त्याच्या आवडीचा तिसऱ्यांचा रस्सा केला.

सामान आलं. जेवणाच्या टेबलावर, प्लास्टिकच्या आच्छादनावर, तूबाने जुनी चादर अंथरली. अस्लमने हात धुतले, पुसले, खिडकीच्या लोखंडी गजाला लावले. अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून, त्याने सांगितलं. मग खोकं उघडलं आणि बोर्ड बाहेर काढला.

तो खरंच देखणा होता. पांढरा, वर चांदीसारख्या पाट्या. तूबाच्या तोंडून आवाजच निघाला. अस्लम मात्र लगेच बोलला नाही. त्याने बोर्ड कडांना धरून उजेडाकडे तिरका केला. आणि मग त्याचा तो आवाज लागला, जो शमीमने इतकी वर्षं फोनमधून ऐकला होता.

“पहिल्यांदा पाठ बघायची.” त्याने बोर्ड उलटा केला. पाठ काळी होती. “बघितलंस? पांढरा तोंडापुरता. स्वस्तात एवढंच मिळतं. पण चालेल, पाठ भिंतीकडं असते.” पुन्हा सुलटा केला. “हा मधला चौक. प्रोसेसर इथे बसतो. मारुती मंदिराचा सर्कल समज, सगळ्यांना इथूनच जायचं. त्याच्या शेजारी ही उभी घरं, रॅमची. चार आहेत, चांगलं झालं, पुढं वाढवता येईल. स्वस्तातले बरेच दोनावर भागवतात.”

“आणि ह्या पाट्या?”

“प्रोसेसरला वीज देणारे भाग असतात, ते तापतात. त्यांच्या डोक्यावर ह्या. दोन बाजूंना आहेत. एका बाजूला देऊन दुसरी उघडी ठेवणारेही असतात, वरून दिसत नाही ना. हा स्वस्त आहे, पण बेइमान नाही.” त्याने वरच्या कोपऱ्यावर नख ठेवलं. “इथे मात्र चुकलाय. विजेची जोडणी पाटीच्या अगदी अंगाला. जाड बोटाच्या माणसाने शिव्या द्याव्यात. आणि हे खाली बघ. ग्राफिक कार्ड बसलं की ही दोन घरं त्याच्या पोटाखाली जाणार. जुन्या हार्डडिस्कची आहेत, तुला लागायची नाहीत. पण ज्याला लागतील तो रडेल. पाठीमागे यूएसबीची तोंडंही कमीच. पेन, माऊस, कीबोर्ड लावलंस की बंदर भरलं.”

“घ्यायचा ना पण?”

“ह्या पैशात ह्याहून सरळ मांडणी मिळायची नाही. गर्दी आहे, पण गोंधळ नाही. राजिवड्यासारखा आहे,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला. तूबाही हसली. शमीम दाराला टेकून उभी होती. तिलाही हसू आलं. एवढं बघितलं होतं त्याने. फडकं हातात असताना, कुणी हाक मारेपर्यंतच्या वेळात, काचेच्या अलीकडून.

पाटीवर पारदर्शक प्लास्टिक होतं. तूबाने त्याचा कोपरा नखाने उचलला. “हे सोलायला मला जाम आवडतं.”

“असू दे,” अस्लमने ते पुन्हा दाबून बसवलं. “आमच्याकडं कधी काढायचे नाहीत. पांढरा आहे, पिवळा पडेल.”

मग तो जोडायला बसला. सावकाश, कपाळावर घाम येईपर्यंत. प्रोसेसर बसवला, त्याच्यावर पंखा आवळला. एसएसडीची, म्हणजे काम साठवायची पट्टी बसवायला बोर्डावरची एक पांढरी पाटी काढावी लागली. ती उलटी केली तर तिच्या पोटाला राखाडी रबरासारखा मऊ थर होता आणि त्यावर निळसर प्लास्टिक. प्लास्टिकवर बारीक अक्षरं होती.

“हे?” तूबा म्हणाली. ती टॉर्च धरून बापाच्या तोंडाकडे बघत होती, अक्षरांकडे नाही.

अस्लम क्षणभर थांबला. आतली बाजू तो पहिल्यांदाच बघत होता, हे शमीमला त्याच्या थांबण्यावरून कळलं. “असू दे,” तो म्हणाला. “कंपनीने लावलंय ते काय उगीच?” त्याने पाटी जागेवर ठेवली आणि स्क्रू आवळला.

बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले. पडदा उजळला. तूबाने बापाचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. अस्लम ते हात सोडवून घेईना. त्याच्या तोंडावर जे होतं ते शमीमने त्यांच्या लग्नातही बघितलं नव्हतं. तिला वाटलं, चला. आता हे खरं झालं. उशिरा का होईना, तो म्हणत होता तसा माणूस झाला. आता तिला विसरता येईल. तिने शिरा केला आणि शेजारीपाजारी वाटला.

थोडे दिवस मशीन ठीक चाललं. मग तूबा बंगल्याच्या फिल्मवर आली. काम जड होऊ लागलं तसं मशीन मध्येच मंदावायचं, अडकायचं, पडदा थिजायचा. केलेलं काम जायचं. अस्लम येऊन बघायचा. मशीनच्या बाजूच्या काचेतून. “लाइट कमीजास्त होते,” म्हणाला. मग, “उन्हाळा आहे.” टेबलफॅन आणून त्याच्यावर लावला. तूबा फॅनपुढे बसून तेच तेच जिने, त्याच त्याच खिडक्या पुन्हा करत राहिली. तिचे डोळे सुजले. “विनीतला दाखवूया का?” शमीमने विचारलं. “त्याला काय जास्त कळतंय?” अस्लम म्हणाला. तूबाने बापाची बाजू घेतली.

पुण्याच्या ऑफिसने मुदत एकदा वाढवून दिली. नंतर गोड बोलून काम दुसऱ्याला दिलं.

तूबा रडली नाही. “माझंच नशीब,” म्हणाली आणि मशीनवर चादर टाकली. शमीमला वाटलं, आता तरी हा काही बोलेल. तो बोलला, पण मशिदीच्या पायऱ्यांवर. विनीतने बोर्ड खराब दिला. स्वस्तातला माल, आत काय भरतात कुणाला ठाऊक. माझ्या पोरीची नोकरी घालवली. अस्लमभाईची नजर म्हणजे राजिवड्यात शेवटचा शब्द. दोन घरांनी विनीतकडे सांगून ठेवलेले कंप्युटर रद्द केले.

तेव्हा विनीत स्वतः आला. सकाळची वेळ होती. हातात पेचकसांची छोटी पेटी. त्याने चपला बाहेर काढल्या, शमीमला “चाची, पाणी द्या हां” म्हणाला, आणि अस्लमसमोर सोफ्याच्या कडेला बसला. प्लास्टिक चरचरलं.

“चाचा, बोर्ड खराब असेल तर बदलून देतो. पण मला न सांगता बाजारात सांगितलंत, ते बरं केलं नाहीत.”

“मी बघितलं ते सांगितलं.”

“उघडून बघितलंत?”

तूबाने चादर ओढून काढली. “बघा ना विनीतदादा. बघाच.”

विनीतने मशीनच्या बाजूची काच काढून टेबलावर उभी केली. त्याच्या बोटांचे ठसे तिच्यावर उमटले. मशीन चालू करून त्याने तूबाला तिचं काम उघडायला लावलं. थोड्या वेळाने पांढऱ्या पाटीजवळ बोट नेलं आणि झटकन मागे घेतलं. मशीन बंद केलं. निवेपर्यंत पाणी प्यायला. मग पेचकस लावून पाटी काढली, उलटी केली, आणि निळसर प्लास्टिक एका टोकाने धरून सोललं. ते मऊ होऊन सुरकुतलं होतं.

“हे काढायचं असतं, चाचा,” तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. “ह्यावर लिहिलंय पण. हे राहिलं की पट्टीची उष्णता पाटीत जात नाही, आतच कोंडते. तापली की मशीन थिजतं. बोर्ड चांगला आहे.”

बाहेर रिक्षावाला कुणाला तरी हॉर्न देत होता.

“ठेवतात,” अस्लम म्हणाला. “आमच्याकडं सगळ्यांवर असायचं.”

“शोकेसमधल्यांवर असेल. ते चालू कुठे करतात?”

विनीतने ते सहज म्हटलं होतं. रिकाम्या पेल्याची तबकडी उचलताना शमीम मात्र थांबली. तिने नवऱ्याकडे बघितलं. आत्ता, तिला वाटलं. आत्ता एवढंच म्हण, की चुकलं माझं. बाकी काही नको. बाकी मी सांभाळीन.

“हा मुलगा मला शिकवतोय,” अस्लम तूबाकडे वळून म्हणाला. “माल खराब दिला, आता प्लास्टिकवर ढकलतोय. आणि तूही दिवसरात्र चालू ठेवायचीस. किती सांगितलं, थोडं बंद ठेव म्हणून.”

तूबाची मान खाली गेली. हो, ठेवलं मी चालू, अशी. मग ती विनीतवर फिरली. “विनीतदादा, तुमचं दुकान होण्याआधीपासून अब्बा हे करतायत. दुबईतल्या कंपनीत. तुम्ही त्यांना सांगणार पाटी कशी लावायची? पेटी उचला तुमची.”

विनीतचा चेहरा उतरला. त्याने पेचकस पुसून पेटीत ठेवला. प्लास्टिकचा तो सुरकुतलेला तुकडा कुठे टाकावा हे न कळून बोटांत धरून उभा राहिला. मुलगी अस्लमसाठी एका भल्या माणसाला घराबाहेर काढत होती, आणि तो हात पाठीमागे बांधून, मान जराशी तिरकी करून ऐकत होता.

“विनीत, थांब,” शमीम म्हणाली.

तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. तिला थांबता आलं असतं. तबकडी हातात होती, ती ठेवायला आत जाता आलं असतं, नेहमी जायची तशी.

“त्यांनी पाटी लावलीच नव्हती कधी,” ती म्हणाली. “कुठून ठाऊक असणार? तुझे अब्बा तिकडं काच पुसायचे, तूबा. शोकेसची. निळा डगला घालून. बोर्ड आत असायचे, ते बाहेर.”

“अम्मी, काय बोलतेस?”

“मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी. फोन चालू राहिला होता.” आणि मग इतकी वर्षं आंबलेलं सगळं एकदम वर आलं. “काच पुसली त्यात काय होतं? माझ्या बापाने जाळी ओढली. मला सांगितलं असतं तर मी तो डगला धुऊन इस्त्री करून दिला असता. पण ह्यांनी मला नाही सांगितलं, तुला नाही सांगितलं. आज तुझी नोकरी गेली तरी नाही. तुझ्यावर ढकललं, पण नाही.”

तूबाने बापाकडे बघितलं. तिला एक शब्द हवा होता, कुठलाही. खोटं आहे, एवढं जरी तो म्हणाला असता तरी तिने मान्य केलं असतं, हे शमीमला मुलीच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. आणि आपण काय केलं हेही त्याच वेळी दिसलं. वहीच्या मागच्या पानांवरचे ते सगळे चौकोन तिने एका वाक्यात पुसले होते, आणि त्यात नवऱ्याइतकीच मुलगीही पुसली गेली होती. तिला राग निघून गेल्याचं सुख व्हायला हवं होतं. तोंडात फक्त कडू आलं.

अस्लमने शमीमकडे बघितलं नाही. कधी बघितलंस, असंही विचारलं नाही. तो उठला. टेबलावर मशीनची काच टेकवून ठेवलेली होती, विनीतच्या बोटांचे ठसे तिच्यावर उजेडात दिसत होते. काचेपाशी आला तसा त्याचा हात आपोआप वर आला. बाही तळहातावर ओढली गेली. काचेपासून वीतभर अंतरावर तो हात थांबला. अस्लमने त्या हाताकडे बघितलं. मग बाही सोडून दिली. दारात जाऊन पायांनी चाचपून चपला घातल्या आणि बाहेर पडला.